गटात न बसणारा शब्द

शाळापूर्व तयारीचा मेळावा आता मराठी शाळांच्या वर्षात रुळला आहे. 'पहिले पाऊल' या नावाने २०२२ पासून हा उपक्रम राज्यभर चालतो. पहिलीत येणारे मूल आईचा हात धरून शाळेच्या आवारात येते आणि एकेका टेबलापाशी थांबते. कुठे उड्या मारायच्या असतात, कुठे चित्र पाहून बोलायचे असते. बौद्धिक विकासाच्या टेबलावर त्याच्यापुढे सरमिसळ वस्तूंचा ढीग ठेवतात आणि सांगतात, "एकसारखं एकत्र ठेव." बीड जिल्ह्यात असा ढीग जमवायला पैसे पडत नाहीत. चिंचोके, सीताफळाच्या बिया, तूर, हरभरा, सरकी, खडे, बाटल्यांची झाकणे, एवढे कुठल्याही गावात सापडते. मूल पाहता पाहता ढीग लावून मोकळे होते. शेजारी उभ्या असलेल्या आईच्या मनात मात्र एक शंका येऊ शकते: हे तर घरी रोजच करतंय, ह्यानं वाचायला कसं यायचं?

शंका रास्त आहे. नुसत्या बिया निवडून वाचायला येत नाही. तरीही निवडणे, गट लावणे, वेगळे काढणे यांचा वाचनाशी जवळचा संबंध आहे. तो कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, एवढे सांगण्यासाठी खेळांच्या या संग्रहाची ही प्रस्तावना.

निवडणे ही बीडकडच्या घरात शिकवण्याची गोष्टच नसते. मूग-उडीद घरात आले की सूप बाहेर निघते. बाजरीतले खडे, तुरीतला काडीकचरा, बियाण्यासाठी बाजूला काढलेले टपोरे दाणे, सगळे लेकरांच्या डोळ्यांदेखत चाललेले असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले पाच वर्षांचे पोर तर याहून अवघड गट कानावर घेत वाढते. अमक्या काकाची टोळी गाडी सेंटरला, तमक्याची टायर सेंटरला, मामाची डोकी सेंटरला. ऊस बैलगाडीने वाहायचा, टायरगाडीने, की मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरायच्या, यावरून पडलेले हे गट आहेत. खिलार कोणते, देवणी कोणते, लाल कंधारी कोणते, हेही बैलांच्या घरातले पोर लांबून सांगते. अशा मुलांना वर्गीकरणाची कुवत यावी म्हणून लाल मणी आणि निळे मणी वेगळे करायला महिनोन्महिने बसवणे म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणे.

मग हेच पोर पहिलीत 'घ' आणि 'ध' यांच्यापुढे का अडते?

याचे उत्तर शोधताना एका जुन्या प्रयोगाकडे जावे लागते. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटा निबंध छापला. वाचायला न शिकलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना त्यांनी तीन-चार शब्द ऐकवले आणि आवाजाने वेगळा कोणता ते विचारले. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'गटात न बसणारा शब्द ओळखा' असा प्रश्न असतो, तसाच हा. फरक इतकाच की इथे अर्थ बाजूला ठेवून कानाने निवडायचे. पुढची चार वर्षे या मुलांच्या वाचनाची नोंद झाली. ज्यांचा कान आधी तयार होता, ती वाचनात पुढे गेलेली दिसली.

एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. म्हणून कानाने कच्च्या असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी चार गट केले. पहिल्या गटाला चित्रे देऊन, दोन वर्षांत ४० बैठकांमध्ये, शब्दांचे आवाजानुसार गट लावायला शिकवले. दुसऱ्या गटाला तेच शिकवले, पण जोडीला प्लास्टिकची अक्षरे दिली. तिसऱ्या गटाने तीच चित्रे अर्थानुसार लावली: कोंबडी एकदा प्राण्यांत, एकदा शेतावरच्या प्राण्यांत. चौथ्या गटाला काहीच शिकवले नाही. शेवटी वाचनात आवाज आणि अक्षरे दोन्ही हाताळणारी मुले ठळकपणे पुढे निघाली. फक्त आवाजावर काम केलेली मुले अर्थाचे गट लावणाऱ्यांपेक्षा थोडी पुढे होती, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का म्हणण्याइतका मोठा नव्हता.

मेळाव्यातल्या टेबलासाठी यातली तिसऱ्या गटाची गोष्ट महत्त्वाची आहे. फळे-भाज्या, पाळीव-जंगली असे गट लावत त्या मुलांनीही तितकाच वेळ दिला होता. त्याचे इतर फायदे असतील, पण वाचनाची गाडी त्याने पुढे सरकली नाही. अर्थात हा प्रयोग इंग्रजीतला. मराठीची लिपी वेगळी, तिच्या अडचणीही वेगळ्या. तो निकाल जशाचा तसा उचलून इथे लावणे चूक ठरेल.

मराठीत मुलाचा कान आधी अक्षरापाशी थांबतो. 'मका' आणि 'मध' यांचा पहिला आवाज सारखा आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला लवकर कळते. 'मका', 'मिरची', 'मूग', 'मेथी', 'मोळी' या सगळ्यांत एकच 'म्' दडलेला आहे, हे कळायला फार वेळ लागतो. मुलाच्या कानाला 'मि' हा एक अखंड आवाज वाटतो आणि 'मू' दुसरा. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना अक्षरांची पूर्ण ओळख व्हायला कित्येक इयत्ता जातात, आणि अक्षराच्या पोटातले सुटे आवाज ओळखण्याची जाण आणखी सावकाश येते, असे त्यात दिसले. लिपीची ठेवण सारखीच असल्यामुळे मराठी शिक्षकांनाही हे ओळखीचे वाटेल. बाराखडी हा खरे तर याच कामासाठी मांडलेला तक्ता आहे. एका ओळीत व्यंजन तेच आणि स्वर बदलतो. एका उभ्या रांगेत स्वर तोच आणि व्यंजन बदलते. पण तालासुरात घोकली की मूल तक्ता पाहत नाही, चाल म्हणते. तोच तक्ता सुट्या कार्डांत मोडून "ह्यातली 'म'ची भावंडं एकीकडे काढ" आणि नंतर "आता काना असलेली सगळी एकीकडे काढ" असे सांगितले, तर एकाच ढिगाचे दोन वेगळे गट पडतात. 'मा' आधी 'म'च्या गटात होता, आता तो 'का' आणि 'ता' यांच्या शेजारी जाऊन बसला. निकष बदलला की गट बदलतो, ही जाण इथे वाचनाच्या थेट उपयोगी पडते.

शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजण्याच्या खेळातही एक खाचखळगा आहे. 'भाकर' या शब्दाला मूल दोन टाळ्या वाजवते: भा-कर. लिहिताना अक्षरे तीन. 'सीताफळ'ला तीन टाळ्या, अक्षरे चार. मूल बरोबर ऐकते आहे, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बोलताना गळून जातो. तिथे "नीट मोज, तीन वाजव" असे दरडावले, तर मूल कानावरचा विश्वास सोडून बाईंच्या ओठांकडे पाहायला लागते. टाळ्यांनी बोललेला शब्द मोजावा, खड्यांनी लिहिलेला शब्द मोजावा, आणि दोन्ही का जुळत नाहीत याबद्दल पुढे कधीतरी बोलावे.

असाच पेच 'च' आणि 'ज' यांचा. 'चाक' आणि 'चिमणी' मुलाला एका ढिगात ठेवायला सांगितले तर तयार कानाचे मूल बिथरते, कारण दोन्हींचे 'च' खरोखरच वेगळे उच्चारले जातात. 'जाळं' आणि 'जिरं' यांचेही तेच. लिपीने दोन आवाजांना एकच खूण दिली आहे. उलट 'पाणी'ला घरी 'पानी' म्हणणारे मूल 'ण' आणि 'न' एकाच गटात टाकते, आणि त्याच्या कानापुरते ते बरोबरच असते. आवाजाच्या खेळात घरचा उच्चार हा कच्चा माल असतो. तो आधी दुरुस्त करून मग खेळायला बसायचे ठरवले, तर खेळ सुरूच होत नाही.

आता 'घ' आणि 'ध'. ही अडचण डोळ्यांची आहे. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व, ड-ङ या जोड्यांत फरक एखाद्या गाठीचा, रेघेचा किंवा टिंबाचा. एरवीच्या जगात वस्तू उलटी धरली, थोडी वाकडी झाली तरी तिचे नाव बदलत नाही. घागर आडवी पडली तरी घागरच. लिपीत मात्र बारीकशी गाठ सुटली की अक्षर बदलते. म्हणून अक्षरांचे गट आकारावरूनही लावावे लागतात: उभी दांडी शेवटी असणारी, दांडी मध्यातून जाणारी, दांडी अर्धवट असणारी किंवा नसणारी. घोळ घालणारी जोडी पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी शिकवू नये, पण दोन्ही पक्की झाल्यावर ती मुद्दाम एका ढिगात मिसळून निवडायला द्यावी. फलटणची प्रगत शिक्षण संस्था किंवा पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातली क्वेस्ट यांसारख्या संस्थांनी वर्णमालेच्या क्रमाने न जाता मोजकी अक्षरे आणि स्वरचिन्हे घेऊन लगेच शब्दांकडे जाण्याची वाट चोखाळली. म, क, ल, त आणि काना एवढ्यावर मका, ताक, काम, काल, माल, कमल असे शब्द तयार होतात. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत पोहोचेस्तोवर मुलाला एकही शब्द वाचू न देणाऱ्या पद्धतीत हे सुख नाही.

वर्णमालेचा क्रम म्हणजे काही अडगळ नव्हे. क ते ङ घशाशी, च ते ञ टाळूशी, ट ते ण त्याच्याही वर, त ते न दातांशी, प ते म ओठांशी. प्रत्येक ओळीत आधी अघोष, मग घोष. जगातल्या फार थोड्या लिप्यांच्या अक्षरक्रमात इतकी शिस्त आहे. मुलाला यातला 'ओठांचा गट' करून पाहायला आवडतो. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात की नाही, हे आरशाशिवाय, बोट लावून तपासता येते. पण हे वर्गीकरण मोठ्यांनी, आवाज पुरते ओळखून झाल्यावर केलेले आहे. शिकण्याची सुरुवात त्यानेच व्हावी असा त्याचा हट्ट नाही.

साधनांचा विषय निघाला की मारिया माँटेसरी यांचे नाव येतेच. १९०७ मध्ये रोममधल्या कामगार वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. रंगांच्या पाट्या, खरखरीत-गुळगुळीत तुकडे, चढत्या आकाराचे ठोकळे अशा साहित्यातून मुले जोड्या लावत, क्रम लावत, आणि वाळूच्या कागदाची अक्षरे बोटाने गिरवत वाचनापर्यंत येत. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत राहिल्या. त्याआधीच, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. माँटेसरींचे घोटीव साहित्य खेड्यातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. शंख-शिंपले, पाने, बिया, खडे, काड्या हेच तिथले साहित्य ठरले. बीडच्या अंगणवाडीत आज दिसणारे चिंचोके त्याच वाटेने आले आहेत. दुकानातले महागडे संच पाहून दबून जाणाऱ्या सेविकांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

अर्थाचे गट मात्र एका झटक्यात बाद करण्यासारखे नाहीत. अक्षरे ओळखता येऊ लागली की वाचनाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, तो समजण्याचा. पाठात 'धान्य' शब्द आला आणि ज्वारी, बाजरी, गहू, मका हे सगळे त्यात बसतात हे माहीत नसेल, तर मूल वाक्य वाचेल पण त्याच्या हाती काही लागणार नाही. जाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांना विचारलेला प्रश्न बालाघाटच्या डोंगरातल्या मुलांना असा विचारता येईल: टोपलीत आठ सीताफळे आहेत आणि तीन पेरू, सीताफळे जास्त की फळे जास्त? पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, "सीताफळं." मोठ्या गटाच्या पोटात लहान गट असतो, हे त्याला अजून एका वेळी धरता येत नाही. (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्या अभिमानाचा या उत्तराशी संबंध नसावा.)

इथे मोठ्यांनीही थोडे सबुरीने घ्यावे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे ठेवत असत. न शिकलेल्या शेतकऱ्यांना ओंडका वेगळा काढणे पटेना. ओंडकाच नसेल तर करवतीचे करायचे काय? बीडच्या बालवाडीत कोयता, विळा, खुरपे आणि ऊस मांडला, तर एखादे पोर कोयता आणि ऊस जोडीने ठेवील आणि विळा-खुरपे बाजूला सारील. त्याचा गट चुकलेला नाही. तो कामावरून पाडलेला आहे. शाळेला अपेक्षित असलेला 'अवजारे' हा गट त्याला शिकायचा आहेच, पण आधी "का रे असं ठेवलंस?" हे विचारायला हवे. त्या एका प्रश्नावर मूल जे पाच-सहा वाक्ये बोलेल, त्यांची किंमत बरोबर लागलेल्या ढिगापेक्षा जास्त आहे. शिष्यवृत्तीच्या प्रश्नाला एकच उत्तर असते. बालवाडीत दोन उत्तरे निघाली तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा.

आकड्यांकडे नजर टाकली तर घाई का आहे ते कळते. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये सुमारे २० टक्के होती, २०२४ मध्ये सुमारे २७ टक्के. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली आहे.

बीडमध्ये या मुदतीच्या आड दिवाळीनंतरचे महिने येतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', उचल घेऊन मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते. जिल्ह्यातून असे काही लाख मजूर जातात. गाळप हंगाम संपून परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. मुलांसाठी कधी कारखान्यांजवळ साखरशाळा चालल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहांवर भर आला. शाळेच्या वयाची बरीच मुले त्यामुळे आजी-आजोबांजवळ गावी राहू शकतात. तीन-चार वर्षांची मात्र आईबरोबर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जातात, म्हणजे जे वय कान तयार करण्याचे, ते फडाच्या कडेला सरते.

या ठिकाणी आवाजाचे खेळ कामाला येतात, कारण त्यांना पाटी, पुस्तक, वीज, काहीच लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीही ते खेळवू शकते. "घरात 'त'नं सुरू होणारं काय काय हाय?" तवा, ताट, तांब्या, तूर, तिखट. "भात, हात, दात, सूप: ह्यातलं कोण वेगळं बोलतंय?" अंगठाछाप माणसाचा कानही भाषेत पुरा तरबेज असतो. घरी शिकवणारे कोणी नाही, ही पहिलीच्या शिक्षकांची नेहमीची तक्रार. अक्षरांपुरती ती खरी असेल, आवाजांपुरती नाही. 'पहिले पाऊल'मध्ये गावागावांत माता गट आणि आयडिया कार्डे आहेत. त्या कार्डांवरच्या कृतींबरोबर रोज एक आवाजाचा खेळ जोडायला वेगळा खर्च येत नाही. कोपीवर चूल पेटवताना, वाढ्यांच्या मोळ्या बांधताना तो तोंडी चालू शकतो. अक्षरे हाती देण्याचे काम मात्र बाईंचेच राहते, आणि ब्रॅडली-ब्रायंटच्या निकालाकडे पाहता ते टाळून चालणार नाही.

पुढच्या पानांतले खेळ या क्रमाने लावले आहेत: आधी वस्तू, थोडक्यात, मग शब्दांचे आवाज, भरपूर, मग आवाज आणि अक्षर एकत्र, आणि अर्थाचे गट शेवटपर्यंत सोबतीला. रंगवायच्या छापील कागदांना यात जागा दिलेली नाही. वर्तुळात रंग भरताना मूल गप्प असते, आणि गट का लावला हे कोणी त्याला विचारत नाही. सेविकेच्या डोक्यावर आहार, वजन-उंची आणि नोंदी यांचा भार असतो, त्यामुळे प्रत्येक खेळ दहा मिनिटांत आटोपेल एवढाच ठेवला आहे.

शेवटचा खेळ फडावरून परतलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आहे. अशा मुलाची परतल्यावर सरसकट परीक्षा घेऊन त्याला 'अप्रगत'च्या यादीत टाकण्याआधी, अक्षरांची कार्डे त्याच्या हाती द्यावीत आणि तीन ढीग करायला सांगावेत: येणारी, घोळ होणारी, न येणारी. निकष त्याचा, हातही त्याचेच. पहिल्या ढिगातल्या अक्षरांतून लगेच दोन-तीन शब्द जुळवून त्याच्याकडून वाचून घ्यावेत. तिसऱ्या ढिगाकडे त्या दिवशी बघू नये. मधल्या ढिगात बहुतेक वेळा घ-ध, भ-म आणि पहिल्या वेलांटीची अक्षरे निघतात. दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करावा.